‘इंटर्नल आहे, एक ओळ पुरे’: इंटरप्रिटरच्या पोटातले बदल लिहायचे कसे

प्रश्न थोडक्यात असा. एका उत्पादनात स्वतःची छोटी स्क्रिप्टिंग भाषा आहे. तिचा इंटरप्रिटर, म्हणजे ती भाषा चालवणारा प्रोग्रॅम, सी मध्ये लिहिलेला आहे आणि कंपनीतल्याच तीन-चार वेगळ्या टीम्स त्याला सी मधूनच प्लगइन जोडतात. पुढच्या आवृत्तीत व्हॅल्यू साठवणारा स्ट्रक्ट (सी मधला फील्ड्सचा गठ्ठा) बदलतोय आणि स्ट्रिंगची लांबी मोठ्या टाइपात जातेय. विचारणाऱ्याचे लीड म्हणतात, “भाषेत काहीच बदललेलं नाही, हे सगळं इंटर्नल आहे, चेंजलॉगमध्ये एक ओळ टाक आणि मोकळा हो.” चेंजलॉगमधली, म्हणजे बदलांच्या यादीतली, ती एक ओळ पुरेल का, आणि पुरत नसेल तर काय लिहायचं?

एक ओळ पुरणार नाही. पंधरा पानंही नकोत, कारण ती कुणी वाचत नाही. मी गेली बरीच वर्षं पीएचपी आणि पायथनची सी एक्स्टेंशन्स (या भाषांना सी मधून जोडलेले भाग) एका आवृत्तीवरून पुढच्या आवृत्तीवर ओढत नेते. म्हणजे अशा नोंदी लिहिणाऱ्यांच्या समोरच्या बाजूला, त्या वाचणाऱ्यांच्या रांगेत बसते. उत्तरही तिथूनच देते.

आधी ‘इंटर्नल’ या शब्दाचा निकाल लावू. तुमची हेडर फाईल, म्हणजे स्ट्रक्ट आणि फंक्शन्स जाहीर करणारी फाईल, प्लगइनवाल्यांच्या मशीनवर जाते का? जात असेल तर तिच्यातलं प्रत्येक फील्ड कुणीतरी कुठेतरी थेट वापरलंय असं धरून चाला. नावाआधी अंडरस्कोअर असो, वर ‘हात लावू नये’ अशी कॉमेंट असो, काही फरक पडत नाही. रात्री साडेअकराला ज्याला बग मिटवून झोपायचंय त्याने ती कॉमेंट वाचलेली असते, आणि तरी हात लावलेला असतो. मीही लावलाय.

लीडचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. भाषेत स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला यातलं काही सांगायची खरंच गरज नाही. पीएचपीच्या सोर्समध्ये याची साधी सोय केलेली आहे. तिथे दोन फायली असतात: ‘अपग्रेडिंग’ ही पीएचपीत कोड लिहिणाऱ्यासाठी आणि ‘अपग्रेडिंग डॉट इंटर्नल्स’ ही एक्स्टेंशन लिहिणाऱ्यासाठी. वाचक दोन, म्हणून फायली दोन. तुम्हीही दुसरी फाईल आजच उघडा. लीडची एक ओळ पहिल्या फाईलमध्ये राहू द्या, वाद मिटला.

आता दुसऱ्या फाईलमध्ये काय लिहायचं ते. तुमचा बदल आणि पीएचपी ७ मधला एक बदल जवळजवळ जुळे भाऊ आहेत, म्हणून तोच जरा जवळून दाखवते.

पीएचपी ७ डिसेंबर २०१५ मध्ये आलं. त्याच्या पोटात व्हॅल्यूचा स्ट्रक्ट, म्हणजे झेडव्हॅल, ६४ बिटी मशीनवर २४ बाइटांवरून १६ बाइटांवर आला, हॅशटेबल नव्याने लिहिलं गेलं, स्ट्रिंगला स्वतःचा वेगळा स्ट्रक्ट मिळाला. हे सगळे मोठे, गाजलेले बदल. त्यांनी मला फारसा त्रास दिला नाही, कारण जुना कोड कंपाईलच होत नव्हता. कंपायलर ओळ नंबर देत होता, मी दुरुस्त करत होते. कंटाळवाणं काम, पण धोका नाही.

त्रास दिला तो एका किरकोळ दिसणाऱ्या बदलाने. पीएचपीत एक्स्टेंशनच्या फंक्शनला आलेली आर्ग्युमेंट्स उचलायला एक फंक्शन असतं. त्याला ‘एस’ असं अक्षर दिलं की ते स्ट्रिंग आणि तिची लांबी तुम्ही दिलेल्या पत्त्यांवर लिहून देतं. पीएचपी ५ मध्ये लांबीचं व्हेरिएबल ‘इंट’ असायचं, चार बाइटांचं. पीएचपी ७ मध्ये ते ‘साइज_टी’ झालं, आठ बाइटांचं. आता गंमत बघा. हे फंक्शन कितीही आणि कसलीही आर्ग्युमेंट्स घेणारं आहे, त्यामुळे कंपायलर पॉइंटरचा टाइप तपासतच नाही. जुना कोड एकही वॉर्निंग न देता कंपाईल होतो, लोड होतो, चालतो. फक्त इंटरप्रिटर चार बाइटांच्या खोक्यात आठ बाइट ओततो. आपल्या रोजच्या प्रोसेसरवर वरचे चार बाइट जवळपास नेहमी शून्य असतात, म्हणजे स्टॅकवर (फंक्शनची व्हेरिएबल्स राहतात त्या मेमरीत) शेजारी जे कोणी बसलं असेल त्याचं शून्य होतं.

मी तेव्हा पोर्ट करत असलेल्या एक्स्टेंशनमध्ये शेजारी बसला होता टाइमआउट. आधी ३० भरून ठेवलेला. त्याचा शून्य झाला, आणि आमच्या लायब्ररीत शून्य म्हणजे ‘कितीही वेळ थांब’. त्यामुळे क्रॅश नाही, लॉगमध्ये काही नाही, फक्त दुपारनंतर एकेक वर्कर गप्प बसायचा. डीबग बिल्डमध्ये, म्हणजे चुका शोधायला केलेल्या बिल्डमध्ये, व्हेरिएबल्सची मांडणी वेगळी, तिथे सगळं छान. तीन दिवस मी नेटवर्कवाल्यांशी भांडले. त्यांची अजून माफी मागायची राहिली आहे.

हा बदल कुणी लपवला नव्हता. पीएचपी ७ च्या तयारीच्या कागदपत्रांत लांबी ‘साइज_टी’ झाल्याचं लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलंही होतं. पण ते आणखी पन्नास बदलांच्या मध्ये, त्यांच्याच आवाजात लिहिलेलं होतं. ‘अमुक मॅक्रोचं नाव बदललं’ आणि ‘हे चुकलात तर मेमरी बिघडेल आणि तुम्हाला कळणार नाही’ या दोन गोष्टी एकाच वजनाने छापल्या की वाचणारा दोन्ही एकाच नजरेने वाचतो.

म्हणून माझं एकच ठाम म्हणणं: नोंदी कुठल्या भागात बदल झाला त्यानुसार लावू नका, मोडल्यावर ते कसं कळेल त्यानुसार लावा. सगळ्यात वर ते बदल, जे कंपायलर पकडत नाही आणि चालतानाही ओरडत नाहीत. त्याखाली जे चालताना एरर देतात. कंपाईल एरर देणारे सगळ्यात शेवटी, कारण त्यांना तुमच्या नोंदीची गरज सगळ्यात कमी. तिथे जुनं नाव आणि नवं नाव समोरासमोर असलं की भागतं. बहुतेक चेंजलॉग नेमके उलटे असतात. ज्याला जास्त कष्ट पडले तो बदल वर, आणि चार अक्षरांचा टाइप बदल कुठेतरी तळाशी.

कंपाईल एररवाल्या बदलांतही एक छुपी खोच असते. पायथन ३.११ (ऑक्टोबर २०२२) मध्ये फ्रेमचा, म्हणजे चालू असलेल्या फंक्शनची स्थिती ठेवणारा, स्ट्रक्ट सार्वजनिक हेडरमधून काढून घेतला. डीबगर, प्रोफायलर, ग्रीनलेटसारखी पॅकेजेस, सगळ्यांची त्यात बोटं अडकलेली होती. तिथली ‘व्हॉट्स न्यू’ नोंद मला आवडते, कारण ती फील्डनिहाय आहे: हे फील्ड हवं होतं का, मग हे फंक्शन वापरा, हे फील्ड गेलं, त्याला पर्याय नाही. ‘पर्याय नाही’ हे लिहायला धैर्य लागतं आणि वाचणाऱ्याचे दोन दिवस वाचतात. खोच मात्र पुढे आहे. पूर्वी फ्रेममधून कोड ऑब्जेक्ट थेट उचलला तर तो उसना असायचा, परत करायचं काही नसायचं. नवं फंक्शन मालकीचा रेफरन्स देतं, काम झाल्यावर तो सोडावा लागतो. फाइंड अँड रिप्लेस करून मोकळं होणाऱ्याचा कोड कंपाईल होईल, टेस्टही पास होतील, आणि दर हाकेला मेमरी गळत राहील. म्हणजे बदल ओरडणारा होता, पण उपाय गुपचूप गळका. नोंद लिहिताना उपायसुद्धा याच चाळणीतून काढा.

सगळ्यात अवघड असतात ते बदल ज्यात जुना कोड अर्धा ओरडतो आणि अर्धा गप्प राहतो. पायथन ३.१२ मध्ये पूर्णांकाची आतली मांडणी बदलली. पूर्वी ऑब्जेक्टच्या साइजच्या फील्डमध्ये अंकांच्या गटांची संख्या असायची आणि आकडा ऋण असेल तर ती संख्याच ऋण ठेवलेली असायची. त्यामुळे पुष्कळ एक्स्टेंशन्स ‘साइज शून्यापेक्षा कमी आहे का’ एवढं विचारून चिन्ह ओळखायची. ३.१२ मध्ये त्याच जागी एक टॅग आला. त्यात संख्या तीन बिट वर सरकवलेली आहे आणि चिन्ह खालच्या बिटांत आहे. म्हणजे ५ या आकड्यासाठी पूर्वी तिथे १ दिसायचा, आता ८ दिसतो. उणे ५ साठी पूर्वी उणे १, आता १०. जो कोड अंकांच्या अॅरेला थेट हात लावत होता तो कंपाईल होईना, ठीक. पण जो फक्त साइज विचारून चिन्ह बघत होता तो रिलीज बिल्डमध्ये सुखाने चालतो आणि उणे ५ ला धन म्हणतो. डीबग बिल्डमध्ये मात्र साइजच्या फंक्शनमध्ये असर्ट, म्हणजे अट मोडली की प्रोग्रॅम थांबवणारी तपासणी, टाकलेला आहे, तो तिथल्या तिथे थांबवतो. ही युक्ती उचलण्यासारखी आहे. गप्प बदलाला निदान एका बिल्डमध्ये तरी तोंड द्या आणि नोंदीत सांगा की पोर्ट करण्याआधी तुमच्या टेस्ट डीबग बिल्डवर एकदा चालवा.

त्याच आवृत्तीच्या ‘व्हॉट्स न्यू’मध्ये या बदलाबद्दल असं काहीसं म्हटलंय की हा आतला, खासगी तपशील आहे, पण काही एक्स्टेंशन मोड्यूल्स तो वापरतात, त्यांनी आता आतल्या फील्ड्सना थेट हात लावू नये. या वाक्यातली अडचण ‘काही’ या शब्दात आहे. ‘काही मोड्यूल्स’ असं वाचलं की प्रत्येक जण स्वतःला बाकीच्यांत धरतो. नाव घेतलं की ज्याचं त्याला कळतं. तुमच्याकडे तर टीम्स तीन-चारच आहेत. त्यांच्या रेपोत ग्रेप मारा (शब्दशोध करा) आणि नोंदीत सरळ लिहा की बिलिंगच्या प्लगइनमध्ये अशा सात जागा आहेत, रिपोर्टिंगमध्ये एकही नाही. पायथनवाल्यांना ही चैन परवडत नाही, तुम्हाला परवडते.

नोंद कधी लिहायची? बदलाच्या कमिटमध्येच. रिलीजच्या आदल्या आठवड्यात कमिट चाळत बसून लिहिलेल्या नोंदी मला लगेच ओळखू येतात: त्यांत काय बदललं ते असतं, काय मोडेल ते नसतं, कारण ते तोवर लेखकाच्या डोक्यातून गेलेलं असतं. सीपायथनमध्ये (पायथनच्या सी मध्ये लिहिलेल्या मूळ इंटरप्रिटरमध्ये) प्रत्येक बदलासोबत एक छोटी न्यूज फाईल जोडावी लागते. ती नसेल आणि ‘न्यूज नको’ असं लेबलही नसेल, तर तपासणी लाल होते. रिलीजच्या वेळी सगळे तुकडे एकत्र होतात. मात्र ही न्यूज म्हणजे पोर्टिंगची नोंद नव्हे. न्यूज बदलाची दखल घेते, पोर्टिंगची नोंद वाचणाऱ्याला पुढे काय करायचं ते सांगते. दोन्ही एकाच वेळी लिहा, पण एकातून दुसरं कॉपी करू नका.

आणि नोंद एकदा लिहून संपत नाही. पायथन ३.८ पासून हीप टाइपचे (चालताना तयार केलेल्या टाइपचे) ऑब्जेक्ट आपल्या टाइपचा रेफरन्स धरून ठेवतात. ३.८ च्या नोंदीत ऑब्जेक्ट तयार करताना आणि मोडताना काय बदलावं ते कोडसकट होतं. पण ज्यांनी स्वतःचं ट्रॅव्हर्स फंक्शन (मेमरी साफ करणाऱ्याला ऑब्जेक्टमधले रेफरन्स दाखवणारं) लिहिलंय त्यांनी त्यात टाइपलाही भेट द्यायला हवी, हे ३.९ च्या नोंदीत आलं, तेही ३.८ च्या नोंदीचा हवाला देऊन आणि आवृत्ती तपासणाऱ्या ‘इफ’सकट. राहिलेलं लक्षात आलं की असंच करावं: पुढच्या नोंदीत मागचीचा उल्लेख ठेवून भर घालावी, जुनी गुपचूप दुरुस्त करून नव्हे.

बदल मागे घेतला तर तेही लिहा. ३.८ च्या तयारीत टाइपच्या स्ट्रक्टमधून ‘टीपी_प्रिंट’ नावाचं जुनं, कुणी न वापरणारं फील्ड काढलं होतं. कुणी वापरत नव्हतं खरं, पण सायथनने (पायथनसारख्या कोडवरून सी कोड तयार करणाऱ्या साधनाने) तयार केलेला कोड त्यात इमानेइतबारे शून्य भरत होता! असंख्य पॅकेजेस कंपाईल होईनात. शेवटी ते फील्ड फक्त ३.८ पुरतं स्ट्रक्टच्या शेवटी परत बसवलं आणि ३.९ ला कायमचं काढलं. हेडरमध्ये शेजारीच कॉमेंट होती की हे केवळ ३.८ साठी ठेवलंय. न वापरलेल्या फील्डमध्ये शून्य भरणारा कोणीतरी असतोच, हे मी तेव्हापासून गृहीत धरते.

लीड आणखी एक मुद्दा काढतील: “आपण हमी कधी दिलीच नव्हती.” पायथनच्या ‘डिस’ मोड्यूलच्या पानावर स्वच्छ लिहिलंय की बाइटकोड (पायथन कोडचं इंटरप्रिटर चालवतो ते रूप) हा आतला तपशील आहे, आवृत्ती बदलली की तो बदलू शकतो, हमी नाही. आणि त्याच पानावर प्रत्येक ऑपकोडखाली कुठल्या आवृत्तीत काय बदललं ते लिहिलेलं आहे. ३.१० मध्ये जंपचं अंतर बाइटांऐवजी इन्स्ट्रक्शन्समध्ये मोजायला लागले, तेही तिथे आहे. हमी नाकारून झाल्यावरही ते माहिती देतात, कारण कव्हरेज आणि डीबगरवाले तो बाइटकोड वाचणारच आहेत. कधीकधी तर लोकांचं ऐकावंही लागतं. ३.६ मध्ये डिक्शनरी आतून नव्याने बांधली, त्यात क्रम टिकू लागला. नोंदीत बजावलं होतं की यावर विसंबू नका. लोक विसंबलेच, आणि ३.७ मध्ये तो क्रम भाषेचा नियम झाला.

कागदावरच्या नोंदीइतकाच उपयोगाचा असतो मशीनने वाचायचा आकडा. पीएचपीत प्रत्येक मोठ्या आवृत्तीला मोड्यूल एपीआयचा एक तारखेसारखा आकडा असतो, ७.० चा २०१५१०१२. एक्स्टेंशन दुसऱ्या आकड्यावर कंपाईल झालेलं असेल तर इंटरप्रिटर दोन्ही आकडे छापतो आणि लोड करायला नकार देतो. पायथनच्या डॉट-पीवायसी फायलींनाही (त्यांत बाइटकोड साठवलेला असतो) असाच आकडा आहे: ३.१० ला ३४३९, ३.११ ला ३४९५. तो आकडा जिथे ठरतो तिथे वर लांबलचक कॉमेंट आहे, प्रत्येक वाढीला एक ओळ, आकडा का वाढला ते सांगणारी. बाइटकोड बदलणाऱ्याला आकडा वाढवायला तिथेच जावं लागतं, म्हणून ओळ लिहिली जातेच. मी पाहिलेला हा सगळ्यात प्रामाणिक चेंजलॉग आहे. तुमच्या प्लगइनला असा आकडा नसेल तर स्ट्रक्ट बदलायच्या आधी तो आणा.

एरर मेसेज हीसुद्धा नोंदच. सप्टेंबर २०२२ मध्ये सुरक्षेच्या कारणासाठी पायथनने मोठ्या पूर्णांकाचं स्ट्रिंगमध्ये रूपांतर ४३०० अंकांवर थांबवलं, तेही ३.१०.७ सारख्या किरकोळ आवृत्तीत, जिथे कुणी नोंदी वाचत नाही. ३.११ मध्ये त्या एररमध्येच मर्यादा किती आणि ती वाढवायचं फंक्शन कोणतं, दोन्ही आहे. कारण लोक आधी एरर कॉपी करून सर्चमध्ये टाकतात, नोंदीपर्यंत मागाहून पोचतात. तुमच्या नोंदीतही एरर शब्दशः छापा.

तुमच्या बदलासाठी मी लिहिली असती ती नोंद साधारण अशी:

“स्ट्रिंगची लांबी आता साइज_टी आहे. स्ट्रिंग उचलणाऱ्या फंक्शनला लांबीसाठी इंटचा पत्ता दिलात तर कंपायलर काही बोलणार नाही, पण चालताना शेजारचे चार बाइट पुसले जातील. लक्षण: लांबीजवळचं एखादं व्हेरिएबल अचानक शून्य होणं, बहुधा फक्त ऑप्टिमाइझ केलेल्या बिल्डमध्ये. शोधायला: या फंक्शनच्या नावाने ग्रेप मारून प्रत्येक हाकेतल्या लांबीचं डिक्लरेशन बघा. दोन्ही आवृत्त्यांवर चालवायचं असेल तर हेडरमधला लांबीचा टाइपडेफ वापरा. जुन्या हेडरमध्ये तो नाही, त्यासाठीच्या तीन ओळी खाली आहेत.”

याहून बरं म्हणजे त्या फंक्शनचं नावच बदला आणि जुनं नाव काढून टाका. मग हा बदल कंपाईल एररमध्ये जाईल आणि वरची अर्धी नोंद लागणारच नाही. लीडना हे पटवणं कदाचित सोपं जाईल, कारण मग लिहायचं खरोखरच कमी उरतं.

आणि फाईल पाठवण्याआधी एक करा. या बदलाशी संबंध नसलेल्या एकाला फक्त ती फाईल आणि एक जुनं प्लगइन द्या, आणि तुम्ही शेजारी बसा, पण बोलू नका. तो जितक्या वेळा मान वळवून तुम्हाला विचारेल तितक्या ओळी अजून लिहायच्या राहिल्या आहेत. माझ्या अनुभवात पहिल्यांदा मान वळते ती ‘हे जुन्या आवृत्तीवर पण चालेल का?’ असं विचारायला.